वाचक मोठा होतो, पिप्पी नऊच वर्षांची राहते

रहस्यकथा लिहिणाऱ्याला एकदा वाचक लाभला, की तो विशीपासून सत्तरीपर्यंत त्याला सोडत नाही. बालकादंबरीकाराचे नशीब वेगळे असते. आठव्या वर्षी त्याचे पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा वाचक तेराव्या वर्षी तेच पुस्तक मित्रांच्या नजरेस पडू नये म्हणून कपाटात मागे सारतो. म्हणजे चार-पाच वर्षांत गिऱ्हाईक गेले. बरे, या गिऱ्हाइकाच्या खिशात पैसेही नसतात. पुस्तक घेते आई, मावशी, शाळा किंवा वाचनालय. लिहिणारा मोठा, छापणारा मोठा, विकत घेणारा मोठा, परीक्षण लिहिणाराही मोठाच. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो मात्र व्यवहारात कुठेच नाही.

असे असूनही काही बालकादंबरीकार पन्नास-पन्नास वर्षे टिकतात आणि त्यांच्यानंतरही त्यांची पुस्तके विकली जातात. हे कसे घडते, ते समजून घ्यायला स्वीडनच्या आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. ‘पिप्पी लाँगस्टॉकिंग’ ही त्यांची कादंबरी १९४५ साली आली. दोन लाल वेण्या, चेहऱ्यावर ठिपके, मोठ्या घरात माकड आणि घोड्यासोबत एकटीच राहणारी, पोलिसांना उचलून बाहेर ठेवणारी ही नऊ वर्षांची मुलगी आज सत्तरपेक्षा जास्त भाषांत वाचली जाते. लिंडग्रेन यांच्या सगळ्या पुस्तकांच्या मिळून सोळा कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या आहेत.

उशिरा सुरुवात, पण तयारी जुनी

लिंडग्रेन यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९०७चा, दक्षिण स्वीडनमधल्या विमरबी गावाजवळच्या एका शेतावरचा. पहिले पुस्तक आले तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. बालसाहित्यात अशी उशिराची सुरुवात नवलाची नाही. मुलांचे बोलणे रोज कानांवर पडत असते, तेव्हाच बऱ्याच जणांना हे लिहिणे सुचते.

पण त्याआधीची वर्षे रिकामी गेली नव्हती. शाळा संपल्यावर त्या गावच्या वर्तमानपत्रात उमेदवारी करत होत्या. एकोणिसाव्या वर्षी, लग्न झालेले नसताना त्यांना मुलगा झाला. त्या काळच्या छोट्या गावात ते झेपण्यासारखे नव्हते. बाळंतपण कोपनहेगनला झाले. मुलगा सुरुवातीची तीन वर्षे तिथेच एका प्रेमळ पालक आईकडे वाढला आणि लिंडग्रेन स्टॉकहोममध्ये शॉर्टहँड-टायपिंग शिकून नोकरी करू लागल्या. पैसे साठले की आगगाडीने मुलाला भेटायला जायच्या. त्यांच्या कादंबऱ्यांत एकटी, पोरकी, कुणाची तरी वाट पाहणारी मुले इतकी का भेटतात, याचे उत्तर अभ्यासक या वर्षांत शोधतात. ते पटण्यासारखे आहे.

पुढे लग्न झाले, मुलगा घरी आला, १९३४मध्ये मुलगी कारिन झाली. मधल्या काळात त्यांनी हॅरी सोडरमन या गुन्हेशास्त्रज्ञाकडे सचिव म्हणून काम केले. ती माहिती नंतर कॅले ब्लूमक्विस्ट या बालगुप्तहेराच्या कादंबऱ्यांत उपयोगी पडली. दुसऱ्या महायुद्धात त्या टपाल तपासणीच्या सरकारी खात्यात होत्या. सैनिकांची, निर्वासितांची पत्रे दिवसभर वाचायची आणि घरी येऊन युद्धाची रोजनिशी लिहायची.

१९४१च्या हिवाळ्यात न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेल्या कारिनने आईला सांगितले, पिप्पी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग. नाव तिने त्या क्षणी मनानेच जुळवले होते. आईने ‘ही कोण?’ असे न विचारता विचित्र नावाला शोभेल अशी विचित्र मुलगी उभी केली. या गोष्टी पुढची काही वर्षे घरातच चालू राहिल्या. मार्च १९४४मध्ये बर्फावर घसरून लिंडग्रेन यांचा पाय मुरगळला. पडून राहणे भाग होते, तेव्हा त्यांनी त्या गोष्टी शॉर्टहँडमध्ये उतरवून काढल्या. मे महिन्यात कारिनच्या दहाव्या वाढदिवसाला टाइप केलेली प्रत भेट दिली आणि दुसरी प्रत प्रकाशकाकडे पाठवली.

या तीन वर्षांचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही. पिप्पी कागदावर येण्याआधी ऐकणाऱ्या मुलांसमोर पुन्हा पुन्हा सांगितली गेली होती. कुठे हसू येते, कुठे मूल कूस बदलते, कुठे ‘मग पुढे?’ विचारते, हे सगळे तपासून झाले होते. व्यवहारात कुठेच नसलेला तो वाचक इथे मात्र अगदी सुरुवातीलाच हजर होता.

दारावरची मोठी माणसे

पुढची दारे मोठ्यांची. हस्तलिखित प्रथम गेले बॉनियर्स या स्वीडनमधल्या सर्वात मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे. तिथून नकार आला. मोठ्यांना न जुमानणारी, शाळेत न जाणारी, मनाला येईल त्या थापा मारणारी मुलगी छापण्याची जोखीम त्यांनी घेतली नाही.

त्याच सुमारास राबेन अँड श्योग्रेन या नव्या, पैशाने तंगीत असलेल्या संस्थेने मुलींसाठीच्या पुस्तकांची स्पर्धा लावली. लिंडग्रेन यांनी एक सभ्य, साधी, पत्ररूप कादंबरी पाठवली. तिला दुसरे बक्षीस मिळाले आणि १९४४मध्ये ती छापली गेली. पुढच्या वर्षी लहान मुलांच्या पुस्तकांची स्पर्धा झाली. या वेळी त्यांनी पिप्पी पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले.

या दोन स्पर्धांच्या मागे एक व्यक्ती होती, एल्सा ओलेनियुस. त्या मुलांच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल आणि स्पर्धेच्या परीक्षक. बालसाहित्यात ग्रंथपालाला किती वजन असते, हे आपल्याकडे सहज कळत नाही. आपल्याकडे बहुतेक शाळांत ग्रंथालयाचे कपाट कुलपात असते आणि किल्ली ज्यांच्याकडे, ते त्या दिवशी रजेवर असतात. स्वीडनमध्ये ग्रंथपाल मुलांना मोठ्याने वाचून दाखवत, त्यांची नाटुकली बसवत, काय चालते आणि काय नाही हे पाहत. ओलेनियुस यांनी लिंडग्रेन यांना हस्तलिखित सुधारायला मदत केली. नकार मिळालेली मूळ पिप्पी अधिक आडदांड होती, काही प्रसंग नुसत्या शब्दांच्या धुडगुसाचे होते. छापील पिप्पी थोडी निवळली आणि तिच्या मनाचा मोठेपणा ठळक झाला. मूळ हस्तलिखित २००७मध्ये, लेखिकेच्या जन्मशताब्दीला, स्वतंत्र पुस्तक म्हणून आले. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की संपादन म्हणजे काय, ते दिसते.

पुस्तक हातोहात खपले आणि प्रकाशनसंस्था तरली. मग परीक्षकांचे दार आले. १९४६मध्ये योन लांडक्विस्ट या प्रतिष्ठित प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात पिप्पीवर झोड उठवली. हे पुस्तक अभिरुचीहीन आहे आणि ही मुलगी निरोगी नाही, असा त्यांचा सूर होता. त्यावर मोठा वाद झाला. तोवर मुलांनी निकाल देऊन टाकला होता, आणि अशा वादाने विक्री कमी झाल्याचे उदाहरण बालसाहित्यात शोधावे लागेल.

सकाळी लेखिका, दुपारी संपादक

कारकीर्द केवळ एका गाजलेल्या पुस्तकावर उभी राहत नाही. १९४६मध्ये राबेन अँड श्योग्रेनने लिंडग्रेन यांनाच बालपुस्तक विभागाची जबाबदारी दिली आणि १९७०पर्यंत त्या तिथे होत्या. दिवसाची वाटणी पक्की होती. सकाळी घरी, बऱ्याचदा अंथरुणातच, वहीत शॉर्टहँडमध्ये लेखन. दुपारी जेवणानंतर कार्यालय, संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांची हस्तलिखिते, पत्रव्यवहार, भाषांतरांचे निर्णय. शॉर्टहँडचा फायदा हा की, वाक्य मनात जसे बोलले जाते त्याच वेगाने कागदावर येते. त्यांच्या गद्यात बोलण्याची लय राहिली, तिचे एक कारण हे असावे. अशा सहाशेहून अधिक वह्या स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. आस्ट्रिड लिंडग्रेन संग्रहाला २००५मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात स्थान मिळाले.

दुपारच्या नोकरीचा परिणाम सकाळच्या लेखनावर झालाच. चांगला चित्रकार पुस्तकाला कसा तारतो, हे त्यांना ठाऊक होते. पिप्पीचा चेहरा इंग्रिड वांग न्यूमन या डॅनिश चित्रकर्तीने दिला. एस्टोनियातून निर्वासित म्हणून आलेली तरुण इलोन विक्लंड काम मागायला आली, तेव्हा लिंडग्रेन यांच्या हातात नुकतीच लिहिलेली ‘मिओ’ ही कादंबरी होती. तिला त्याचेच एक चित्र काढून आणायला सांगितले. ती जोडी पुढे अनेक वर्षे टिकली.

आणखी एक निर्णय पाहण्यासारखा आहे. पिप्पीच्या मुख्य कादंबऱ्या तीनच. १९४८मध्ये तिसरी आली आणि लेखिका थांबल्या. कुठलाही प्रकाशक अशा वेळी तेरावा-चौदावा भाग मागेल. मालिका चालवणे हा बालकादंबरीकाराचा नेहमीचा आणि प्रामाणिक मार्ग आहे. इंग्लंडच्या एनिड ब्लायटन यांनी ‘फेमस फाइव्ह’च्या एकवीस कादंबऱ्या लिहिल्या आणि मुलांनी त्या आनंदाने वाचल्या. लिंडग्रेन मात्र दर काही वर्षांनी घर बदलावे तसा प्रकार बदलत गेल्या. खेड्यातल्या सहा मुलांची साधी गंमत, मग गुप्तहेर, मग पोरक्या मुलाची अद्भुतकथा, मग छपरावर राहणारा पंखेवाला लबाड कार्लसन, मग खोडकर एमिल. १९७३च्या ‘लायनहार्ट बंधू’मध्ये तर सुरुवातीलाच दोन्ही भाऊ मरतात आणि गोष्ट त्यानंतर घडते. मुलांना मृत्यूबद्दल असे सांगावे का, यावर स्वीडनमध्ये बरीच टीका झाली. आजारी मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून मात्र वेगळीच पत्रे आली. १९८१मध्ये ‘रोन्या’ ही कादंबरी आली, तेव्हा लेखिका त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या.

> चौकट: कारकिर्दीचे टप्पे
> १९४४ – पहिले पुस्तक
> १९४५ – पिप्पी
> १९४६ ते १९७० – राबेन अँड श्योग्रेनमध्ये संपादक
> १९५४ – मिओ
> १९५५ – कार्लसन
> १९५८ – हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार
> १९६३ – एमिल
> १९७३ – लायनहार्ट बंधू
> १९७८ – जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार
> १९८१ – रोन्या
> २८ जानेवारी २००२ – स्टॉकहोममध्ये निधन

सीमेपलीकडे

स्वीडिश बोलणारे लोक आज जेमतेम एक कोटी. पुण्या-मुंबईच्या लोकसंख्येशी तुलना केली तर ही भाषा फारच छोटी बाजारपेठ आहे. तिथला लेखक भाषांतराशिवाय मोठा होऊच शकत नाही. हॅम्बुर्गचे प्रकाशक फ्रीडरिश ओएटिंगर यांनी १९४९मध्ये पिप्पी जर्मनीत आणली. नुकत्याच संपलेल्या युद्धाने मोडलेल्या, आज्ञापालनाचे परिणाम भोगलेल्या समाजात अधिकाऱ्यांना न घाबरणारी मुलगी आली आणि तिथलीच झाली. आज जर्मनीतल्या अनेक शाळांना लिंडग्रेन यांचे नाव आहे.

प्रत्येक देशाने पुस्तक आहे तसे घेतले नाही. फ्रान्समध्ये १९५१च्या आवृत्तीत बरीच काटछाट झाली. पिप्पी एका हाताने घोडा उचलते, ते फ्रेंच प्रकाशकाला फारच वाटले आणि त्याने घोड्याचा पोनी केला. मग पोनी उचलणाऱ्या मुलीचा फोटो तरी पाठवा, असे लिंडग्रेन यांनी त्याला कळवल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. सोव्हिएत रशियात लिलियाना लुंगिना यांनी कार्लसनचे भाषांतर केले, १९६८मध्ये त्यावर कार्टूनपट निघाला आणि तिथे पिप्पीला मागे टाकून कार्लसन घरोघरी पोहोचला. जपानमधून १९७१मध्ये हायाओ मियाझाकी आणि सहकारी पिप्पीवर कार्टून मालिका करण्याचा प्रस्ताव घेऊन स्वीडनला आले, पण लेखिकेने परवानगी दिली नाही. मियाझाकी तेव्हा तिशीतले, बाहेर फारसे कुणाला माहीत नसलेले चित्रकार होते.

जुन्या पुस्तकाची डागडुजीही करावी लागते. पिप्पीचे वडील दूरच्या बेटाचे राजे आहेत. त्या काळी त्यांच्यासाठी काळ्या लोकांबद्दल वापरलेला शब्द आज अपमानास्पद मानला जातो. जर्मन आवृत्तीत २००९मध्ये आणि नंतर स्वीडिशमध्येही त्याजागी ‘दक्षिण समुद्राचा राजा’ आले. यावरही वाद झालाच. हे बदल योग्य होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुस्तक संग्रहालयात ठेवायचे असेल तर शब्द जपावेत, सात वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायचे असेल तर त्याचा विचार आधी.

पहिल्या कोड्याचे उत्तर

दर चार-पाच वर्षांनी वाचक निघून जातो, तरी पुस्तक कसे टिकते? शाळेतला तिसरीचा वर्ग आठवावा. दर जूनला सगळी मुले चौथीत जातात, तरी वर्ग रिकामा राहत नाही. धडा तोच असतो, ऐकणारे कान नवे. मोठ्यांच्या कादंबरीला काळाप्रमाणे जुनी होण्याची भीती असते. आठ वर्षांच्या मुलाला मात्र पुस्तक १९४५चे की कालचे, याच्याशी देणेघेणे नसते. त्याच्यासाठी ते आजच निघालेले असते.

दुसरा भाग याहून महत्त्वाचा. निघून गेलेला वाचक वीस-पंचवीस वर्षांनी परत येतो, आणि आता पैसे त्याच्या खिशात असतात. तो आपल्या मुलासाठी तेच पुस्तक विकत घेतो. म्हणजे सुरुवातीला व्यवहारात नसलेले मूलच पुढे गिऱ्हाईक होते. म्हणून बालपुस्तकाची विक्री मोठ्यांच्या कादंबरीसारखी पहिल्या वर्षी उसळून ओसरत नाही, पिढीच्या अंतराने पुन्हा चढते.

मराठीत हे फास्टर फेण्याच्या बाबतीत डोळ्यांदेखत घडले. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, ‘बालमित्र’ मासिक चालवले आणि फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला, सायकलवर भरधाव सुटणारा बनेश फेणे उभा केला. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, तेव्हा फेणे झालेले सुमीत राघवन स्वतः शाळकरी वयाचे होते. २०१७च्या चित्रपटात अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण आहे, आणि खुद्द भागवतांचे पात्र दिलीप प्रभावळकरांनी केले. फेण्याचे वय वाढवण्याचा निर्णय गमतीचा वाटतो, पण हिशेब सरळ आहे. तिकीट काढणारे प्रेक्षक हे वाढलेले जुने वाचकच होते.

पैसा आणि मालकी

लेखकाला छापील किमतीचा ठरावीक हिस्सा, म्हणजे मानधन किंवा रॉयल्टी, मिळतो. तो साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. पुस्तक चित्रांचे असेल तर त्यातही चित्रकाराचा वाटा. मुलांच्या पुस्तकाची किंमत मुळात कमी ठेवावी लागते. त्यामुळे एका भाषेतल्या विक्रीवर घर चालणे अवघड. भाषांतराचे, नाटक-चित्रपटाचे हक्क मिळून कमाई जमते.

लिंडग्रेन यांच्याकडे ती जमली, तेव्हा भलतेच झाले. १९७६मध्ये वाढीव उत्पन्नावर त्यांना १०२ टक्के कर लागला. आयकर आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने भरायचे सामाजिक सुरक्षेचे शुल्क, दोन्ही एकाच रकमेवर चढत असल्याने वरच्या टप्प्यात शंभर क्रोनर जास्त मिळवले की एकशे दोन द्यावे लागत. त्यांनी रागाने लेख लिहिला नाही, ‘एक्सप्रेसन’ या दैनिकात परीकथा लिहिली. मुलांची पुस्तके लिहून श्रीमंत झालेल्या पोम्पेरिपोसा नावाच्या बाईची ती गोष्ट होती. अर्थमंत्री गुन्नार स्ट्रेंग यांनी संसदेत त्यांच्या गणिताची टर उडवली. गणित बरोबर निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट पक्ष चाळीसहून अधिक वर्षांनी सत्तेबाहेर गेला. कारणे अनेक होती, पण या गोष्टीचा उल्लेख आजही त्यात होतो. लिंडग्रेन स्वतः त्याच पक्षाच्या समर्थक होत्या, हे विशेष.

लेखकाच्या निधनानंतर मालकीचे काय होते, हेही समजून घ्यावे. स्वीडनमध्ये लेखनाचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, म्हणजे पिप्पी २०७२ अखेरपर्यंत लिंडग्रेन कुटुंबाच्या कंपनीकडे आहे. भारतात ही मुदत ६० वर्षांची. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे २०११पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते, आणि अनेक प्रकाशक ती छापतातही. भागवतांच्या पुस्तकांचे हक्क मात्र २०६१ अखेरपर्यंत वारसांकडे राहतील.

नव्या लेखकाची अडचण

ज्या व्यवस्थेमुळे पिप्पी आणि फेणे टिकतात, तीच नव्या बालकादंबरीकाराला अडवते. पुस्तक निवडणारा पालक दुकानात आपले बालपण शोधत असतो. चाळीस वर्षांपूर्वीचे नाव दिसले की हात तिकडेच जातो. नवा लेखक कितीही चांगला असला तरी त्याच्या बाजूने बोलायला अजून कुणी मोठे झालेले नसते. स्वीडनने यावर उपाय म्हणून लिंडग्रेन यांच्या निधनाच्याच वर्षी त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार सुरू केला. पन्नास लाख क्रोनरचा हा पुरस्कार जगभरातल्या बालसाहित्यिकांना, चित्रकारांना आणि वाचनासाठी झटणाऱ्या संस्थांना दिला जातो.

मराठीत तेवढी रक्कम कुणी देईल, असे दिसत नाही. पण वाचकाला करता येण्याजोगे थोडे आहे. येत्या दिवाळीत मुलांसाठी पुस्तके घ्याल, तेव्हा फेण्याच्या बरोबरीने एक असे पुस्तक घ्या, ज्याच्या लेखकाचे नाव तुम्ही कधी ऐकलेले नाही. आणि ते निवडायला मुलालाच पुढे करा.